संशोधन की पकडलेल्यांची शिरगणती?



मुलं का बिघडतात हे सांगायला आपल्याकडे संशोधन लागतच नाही. मोबाईल, सिनेमा, विभक्त कुटुंब, नोकरी करणारी आई, दारुडा बाप आणि वाईट संगत. संपली यादी. १९७५ साली मोबाईलच्या जागी तमाशाचा फड होता, नव्वदीत व्हिडिओ पार्लर आलं, बाकी यादी जशीच्या तशी. पारावर बसलेला माणूस जे तंबाखू मळता मळता फुकट सांगतो, तेच चार वर्षं घालवून, अडीचशे पानं टाइप करून, रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरं उमटवून सांगितलं की त्याला प्रबंध म्हणायचं.

काहींना राग येणार. माझ्याच नात्यात दोन डॉक्टरेट आहेत आणि दोघंही हा ब्लॉग वाचतात, हे ठाऊक असूनच लिहितो आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, असं नवीन वाचक विचारतील. मी मराठीचा मास्तर, तोही निवृत्त. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव इकडची पोरं-पोरी आपापले प्रबंध आणि लघुप्रबंध घेऊन माझ्याकडे येतात. "सर, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं पाह्यून द्या, बाकी गाईडनं पाह्यलं हाये." आता ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं तर मजकूर वाचावाच लागतो. पंधरा वर्षांत समाजकार्य, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र असं बरंच काही डोळ्यांखालून गेलं. त्यात 'बालगुन्हेगारी', 'किशोरवयीनांतील हिंसा' आणि अलीकडे 'टोळी संस्कृती' हे विषय वारंवार येतात. मी शुद्धलेखन दुरुस्त करतो, पोराला चहा पाजतो, आणि तो गेल्यावर बायकोजवळ चरफडतो. आज तुमच्याजवळ चरफडतो.

या प्रबंधांचा साचा ठरलेला आहे. पहिल्या प्रकरणात वैदिक काळापासून आजपर्यंत. दुसऱ्यात पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या प्रबंधातल्या आढाव्याची नक्कल, शुद्धलेखनाच्या चुकांसकट (कोणी कोणाचं उचललं हे मला त्या चुकांवरूनच कळतं). तिसऱ्यात 'सहेतुक नमुना निवड'. हा शब्द नीट लक्षात ठेवा. शास्त्रात त्याला काय अर्थ असेल तो असो, इथे त्याचा अर्थ 'सोयीने सापडलेली पन्नास मुलं' एवढाच. ती मिळतात निरीक्षणगृहात. त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारी काढायची, रंगीत आलेख काढायचे, आणि शेवटी लिहायचं, 'गृहीतक सिद्ध झाले'. माझ्या हातून गेलेल्या एकाही प्रबंधात गृहीतक खोटं ठरलेलं नाही. दहावीच्या निकालात एवढं यश कुठल्या शाळेला मिळत असेल असं वाटत नाही!

समजा, पन्नासातली चाळीस मुलं गरीब घरची निघाली. निष्कर्ष काय, तर गरिबीमुळे मुलं गुन्हेगार होतात. अरे बाबा, त्याच गल्लीत, त्याच गरिबीत, तसल्याच दारुड्या बापाच्या घरात वाढलेली आणि निरीक्षणगृहाचं तोंड न पाहिलेली दोनशे मुलं आहेत. त्यांना कोणी विचारलं? ती दोनशे मुलं हिशेबात धरल्याशिवाय चाळीस या आकड्याला काडीचाही अर्थ नाही. हे समजायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. आम्ही पाचवीला त्रैराशिक शिकवायचो, ते याहून अवघड होतं.

आम्हा मास्तरांना तर हे भरारी पथकावरून समजायला हवं. बारावीच्या परीक्षेत ज्या केंद्रावर पथक गेलं तिथे कॉपीच्या केसेस होतात, जिथे गेलं नाही ते केंद्र कॉपीमुक्त. (२०२३ साली गणिताच्या पेपरफुटीने आपल्या जिल्ह्याचं नाव विधानसभेत गाजलं, तेव्हा या विषयात आम्हाला अधिकारवाणीने बोलता येतं.) आता कोणी त्या केसेसची यादी घेऊन 'कॉपी करणाऱ्या विद्यार्थ्यांची वैशिष्ट्ये' असा प्रबंध लिहिला, तर त्याने विद्यार्थ्यांचा अभ्यास केला की पथकाच्या गाडीच्या रस्त्याचा? निरीक्षणगृहातल्या पन्नास मुलांचा अभ्यास हा असाच, पोलिसांच्या गाडीच्या रस्त्याचा अभ्यास आहे. त्यात गरीब मुलं जास्त सापडणारच. गाडी तिकडेच जाते. मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोघांचा जीव गेला आणि पहिल्या आदेशात त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला. ओरड झाली म्हणून तो आदेश बदलला. ओरड न झालेली अशी मुलं कुठल्या प्रबंधाच्या कोष्टकात बसतात? 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात त्यांच्यासाठी पर्यायच नसतो.

तुम्ही म्हणाल, सर, एवढं कशाला मनाला लावून घेता? प्रबंध कपाटात जातो, कोण वाचतंय! कपाटात राहिला असता तर मीही गप्प बसलो असतो. पण या पद्धतीच्या 'अभ्यासा'ने आपल्याकडे काय करून ठेवलंय ते पाहा.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९११च्या कायद्याने तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांपर्यंत आला, १९२४ साली पुन्हा नव्याने बांधला गेला. हजेरी, बोटांचे ठसे, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची सोयही त्या कायद्यात होती. हे सगळं कुणा अडाण्याने केलं नाही, मंडळी. त्यामागे पुस्तकं होती. मुंबई इलाख्याच्या पोलिस खात्यातले वरिष्ठ अधिकारी केनेडी यांचं गुन्हेगार वर्गांवरचं पुस्तक १९०८चं. जातवार प्रकरणं, कोण कसा दिसतो, कोण कशी चोरी करतो, माल कुठे लपवतो. आधार कशाचा? पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांचा. आणि पोलिस पकडणार कुणाला? पुस्तकात ज्यांची नावं आहेत त्यांना.

त्याच काळात युरोपात लोंब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरचा बोलबाला होता. कैद्यांच्या कवट्या, जबडे आणि कान मोजून त्याने १८७६ साली जन्मजात गुन्हेगाराची लक्षणं ठरवली. १९१३ साली चार्ल्स गोरिंग या इंग्लंडच्या तुरुंगातल्या डॉक्टरने तीन हजार कैद्यांची मापं घेतली आणि ती सैनिक, कॉलेजातले विद्यार्थी अशा कैदी नसलेल्या माणसांशी ताडून पाहिली. लोंब्रोसोचा तो गुन्हेगारी चेहऱ्याचा माणूस त्याला सापडलाच नाही. न पकडलेल्यांशी नीट तुलना करायची, एवढंच तर त्याने केलं होतं.

आपल्याकडचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला, म्हणून आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, सवय गेली नाही. आपल्या जिल्ह्यात फासेपारध्यांचे बेडे आहेत. १९८५-८६ची गोष्ट असेल, मी ज्या गावात नोकरीला होतो तिथे एका दुकानदाराची सायकल गेली. दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी सरळ बेड्यावर. दोन पोरं उचलली, त्यातला एक माझ्या सातवीच्या वर्गातला. तिसऱ्या दिवशी सायकल दुकानदाराच्या साडूकडे निघाली, न विचारता नेली होती म्हणे. पोरं सुटली. साडूला कोणी गाडीत घातलं नाही. माझा विद्यार्थी त्यानंतर शाळेत आला नाही. मी दोनदा बेड्यावर जाऊन आलो. त्याची आई म्हणे, "मास्तर, शाळेतूनच नेलं ना त्याले."

आता त्या मुलाचं नाव ठाण्याच्या एखाद्या वहीत चढलं असेल, तर पुढच्या चोरीला गाडी पुन्हा त्याच्याकडे जाणार. वही भरत जाणार. आणि पंधरा-वीस वर्षांनी एखादा संशोधक ती वही पाहून लिहिणार की, या समाजात गुन्हेगारीकडे कल अधिक आढळतो. गृहीतक सिद्ध! शिफारशींत 'या समाजाचे प्रबोधन करावे' असं वाक्य टाकणार. हे वाक्य मी स्वतःच्या हाताने, 'प्रबोधना'तला हलन्त दुरुस्त करताना, किमान तीनदा वाचलं आहे.

पोलिसांचं बाजूला ठेवा, नुसते आकडे घेऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, म्हणजे एनसीआरबीचे, आकडे प्रत्येक प्रबंधात असतात. २००० साली देशात बालगुन्हेगारीच्या ९,२६७ केसेस. २००१ साली १६,५०९. एका वर्षात ७८ टक्के वाढ! जागतिकीकरण, केबल टीव्ही, संस्कारांचा ऱ्हास, सगळं या आकड्याखाली लिहून झालेलं आहे. झालं काय होतं? १९८६च्या कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंतच बाल धरला जायचा, मुलगी अठरापर्यंत. २०००चा नवा बाल न्याय कायदा १ एप्रिल २००१पासून लागू झाला आणि मुलांसाठीही मर्यादा अठरा झाली. काल जे सतरा वर्षांचे प्रौढ आरोपी होते ते आज बालगुन्हेगार झाले. मुलं तीच, गुन्हे तेच, फक्त रकाना बदलला. एनसीआरबी बिचारी आपल्या अहवालात स्वतःच बजावते की गुन्ह्यांतली वाढ आणि गुन्ह्यांच्या नोंदीतली वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण प्रस्तावना वाचतो कोण? सगळे कोष्टकावर उड्या टाकतात.

जिल्ह्याच्या पातळीवर तर आणखी मजा. २०११च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. एवढ्या लोकसंख्येत एखाद्या गंभीर प्रकारच्या चार केसेसच्या आठ झाल्या की मथळा येतो, दुप्पट वाढ. पुढच्या वर्षी पाच झाल्या की 'पोलिसांच्या मोहिमेला यश'.

आता कोयता. पुण्याच्या भाच्याचा निरोप येतो, मामा तुम्हाला तिकडे बसून काय कळतं, इथे कोयता गँग आहे. आहे ना. कोयता आहे, भीती आहे, आणि ज्याच्या हातावर वार बसला त्याला आकडेवारीचं प्रवचन देण्याइतका मी निर्दय नाही. पण 'गँग' म्हणजे कोण, हे मला कोणीतरी सांगावं. डिसेंबर २०२२च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी हा विषय मांडला, लगेच जानेवारीत कोयतेवाले पकडणाऱ्या पोलिसांना बक्षिसं जाहीर झाली. मग दारू पिऊन गाड्यांच्या काचा फोडणारे, गल्लीतल्या दोन गटांची खुन्नस, हप्ता मागणारे, रीलसाठी हत्यार मिरवणारे, सगळे त्याच नावाखाली. जून २०२३मध्ये सदाशिव पेठेत एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला, तो एकतर्फी प्रेमातून, एकट्या मुलाने केलेला. लोकांच्या तोंडी तोही 'कोयत्या'च्या खात्यातच जमा झाला. हत्यार एक म्हणून टोळी एक? मग उद्या विळीने भाजी चिरणाऱ्या सगळ्या बायांची एक संघटना धरा.

हा शब्दांचा खेळ नाही. टोळी म्हटलं की मोक्का आठवतो, आणि अल्पवयीन मुलगा म्हटलं की बाल न्याय मंडळ. २०१५च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालवायची वाट उघडली, तेव्हा मुलावर कुठला शब्द चिकटतो यावर त्याचं आयुष्य फिरतं. व्याख्या न करता 'टोळी संस्कृती'वर पाच प्रकरणं लिहिणाऱ्याला मी विचारलं, टोळी म्हणजे किती मुलं? तो म्हणाला, "सर, ते वर्तमानपत्रावरून घेतलं." विषय संपला.

बरं, चांगलं संशोधन कसं असतं हे माहीत नाही असंही नाही. अमेरिकेत बोस्टनजवळ केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली एक प्रयोग सुरू झाला. बिघडण्याची शक्यता असलेली मुलं निवडली, वय आणि घरची स्थिती पाहून त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतला एक मुलगा नाणेफेकीने निवडला. अशी २५३ मुलं एका बाजूला. त्यांना सरासरी पाच वर्षं समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्या बाजूच्या २५३ मुलांना यातलं काही नाही. तीस वर्षांनी जोन मकॉर्ड या बाईंनी ही सगळी माणसं हुडकून काढली. १९७८ साली त्यांनी जे छापलं ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मदत मिळालेली मुलं मदत न मिळालेल्यांपेक्षा कशातच सरस ठरली नाहीत. दारू, मानसिक आजार, अकाली मृत्यू, पुन्हा गुन्हा करणं यांत उलट मागे पडली. आणि तरीही त्यांतल्या दोन-तृतीयांश माणसांनी सांगितलं की कार्यक्रमाचा आम्हाला फायदा झाला!

आपल्याकडच्या संस्थांच्या अहवालात 'बहुतांश लाभार्थींनी समाधान व्यक्त केले' असं वाक्य आलं की मला ही दोन-तृतीयांश माणसं आठवतात. दुसरी बाजू नसती तर तो प्रयोग यशस्वी म्हणून गाजला असता आणि जगभर तीच शिबिरं भरली असती. असंच एक खूळ तिकडे पुढे गाजलंही. मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दमदाटी करायची, म्हणजे ती सुधारतात म्हणे. १९७८ साली त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं. नंतर रीतसर तुलना करून झालेले नऊ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसलं की तुरुंग पाहून आलेली मुलं जास्त गुन्हे करतात. (आपल्याकडे 'एकदा ठाण्याची हवा दाखवा' म्हणणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. त्यांना ही लिंक पाठवावी.)

टोळ्यांवरचंही एक सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९८८पासून थॉर्नबेरी आणि सहकाऱ्यांनी शाळेतली हजार मुलं घेतली. पकडलेली नव्हेत, सातवी-आठवीच्या वर्गातली. दर सहा महिन्यांनी त्यांना भेटत राहिले. दिसलं असं, की मुलगा टोळीत असतो तेवढ्या काळात त्याची हिंसा वाढते, आणि बाहेर पडला की उतरते. पुष्कळांचा टोळीतला मुक्काम वर्षभराचाच. ज्याने पन्नास मुलांना एका दिवशी निरीक्षणगृहात गाठलं त्याला हे कधीच दिसणार नाही, कारण त्याच्याकडे मुलाचा कालही नाही आणि उद्याही नाही. त्याच्याकडे फक्त फोटो आहे, तोही पोलिसांनी काढलेला.

"आपल्याकडे एवढा पैसा कुठे आहे?" हे उत्तर मला पाठ झालंय. मग शेगाव तालुक्याचं घ्या. डिसेंबर २०२४ संपता संपता आणि जानेवारी २०२५मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा या भागात लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीने गळून टक्कल पडू लागलं. पहिले कोणी शाम्पू म्हणालं, कोणी पाणी, कोणी बुरशी. म्हणजे पारावरची यादी तयार होतीच. पण तिथे थांबले नाहीत. आयसीएमआरची पथकं आली, पाण्याचे, रक्ताचे नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनचा गहू घेतला, स्थानिक गव्हाशी ताडून पाहिला आणि सेलेनियमकडे बोट दाखवलं. निष्कर्षावर वाद घालणारे घालोत, पण दुसरा गहू शेजारी ठेवला, हे पाहा. डोक्यावरच्या केसांसाठी एवढं करता आलं. डोक्यांसाठी का येऊ नये?

आणि खर्चाचं म्हणाल तर रॉचेस्टरसारखी हजार मुलं वीस वर्षं सांभाळायला नको. आपल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत दाखल-खारीज रजिस्टर आहे. कित्येक ठिकाणी स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं. त्यात नाव, जन्मतारीख, शाळा कधी सोडली, का सोडली, सगळं ओळीने. एक गाव घ्या, एका वर्षी पाचवीत असलेली सगळीच्या सगळी मुलं घ्या, आणि आज ती कुठे आहेत ते शोधा. जो पकडला गेला तोही, जो पकडला गेला नाही तोही, जो सुरतेला गेला तोही. एस.टी.चं भाडं आणि वहाणा झिजवायची तयारी, एवढाच खर्च. प्रश्नावलीपेक्षा वेळ जास्त लागेल हे कबूल. पण चार वर्षं तर आताही लागतातच.

माझ्याकडे १९९२-९३च्या सातवीच्या हजेरीपटाची माझ्या हाताने केलेली नक्कल आहे. ४७ नावं. माझ्या माहितीत त्यातला एक आज पोलिसात हवालदार आहे, आणि एक खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आला. दोघं एकाच बाकावर बसायचे, दोघांचेही बाप जिनिंगमध्ये हमाल. उरलेल्या पंचेचाळीसांपैकी तीसेक जणांचा पत्ता मला लागतो, बाकीच्यांचा त्यांच्याकडून लागेल. ज्या कुणाला खरोखर प्रबंध करायचा असेल त्याने घरी यावं. नावं बाहेर जाणार नाहीत असं आधी लिहून द्यावं लागेल. ऱ्हस्व-दीर्घ मी फुकट पाहून देईन.